शिस्त

शाळेत आम्हाला शिस्त म्हणजे रांगेत उभे राहणे, नखे कापणे आणि गुरुजी वर्गात आले की गप्प बसणे, एवढेच ठाऊक होते. घरी याच शब्दाचा अर्थ वेगळा होता. दादाजान म्हणायचे, "शिस्त बांधो." म्हणजे नेम धरा. फारसीतून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ नेम हाच आहे. मराठीने पुढे त्याला वर्गात नेऊन बसवले, आणि आमच्या दखनीने त्याला होता तिथेच, शिवारात राहू दिले. नळीच्या टोकावरच्या उंचवट्याला मराठीत माशी म्हणतात, आमच्यात मख्खी. चाप, घोडा, दस्ता, नळी हे शब्द तर दोन्हीकडे सारखेच.

आम्ही म्हणजे तिघे. दोघे सख्खे भाऊ, तिसरा चुलत. थोरल्याचे वेल्डिंग आणि लेथचे दुकान आहे, मधला शाळेत विज्ञान शिकवतो, धाकटा चाचांबरोबर शेती बघतो. हे लिहिणे तिघांचे मिळून आहे, म्हणून यात 'मी' कुठे सापडणार नाही.

दादाजानच्या तरुणपणी आमचा निलंगा तालुका बीदर जिल्ह्यात होता. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यात आले. 16 ऑगस्ट 1982 ला लातूर जिल्हा झाला आणि आम्ही लातूरचे झालो. चूल तीच, अंगण तेच, जिल्हे तीन. त्या पहिल्या जिल्ह्याच्या काळात दादाजानकडे एक ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे टाकायचे, पुन्हा चिंधी ठासायची, टोपी बसवायची. एवढे होईपर्यंत डुक्कर पुढच्या गावच्या शिवारात पोचलेले असायचे. दादाजान हे हसत सांगायचे. बंदूक बहुतेक वेळा नुसत्या आवाजासाठीच होती.

13 सप्टेंबर 1948 ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जे केले त्याचे उट्टे, ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा घरांवरही निघाले. पुढे आलेल्या सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि नांदेडबरोबर आमचा बीदरही होता. आमचे घर वाचले ते शेजारच्या वाड्याने दार उघडले म्हणून. दादाजानने बंदूक जमा केली आणि परत कधी हातात घेतली नाही. पण बोलणे थोडेच जमा करता येते? आम्हा नातवांना ते दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायचे. एक, "जिसको मारना नहीं, उसपे शिस्त नक्को बांधो." आणि दुसरी, "हर बंदूक थोडा झूठ बोलती. उसका झूठ पहचानो, फिर वो सच बोलती."

दुसऱ्या वाक्याचा अर्थ आम्हाला उरुसात कळला. फुगे फोडायच्या गाड्यावरची बंदूक सगळ्यांनीच हातात धरलेली असते. नेम बरोबर फुग्यावर आणि छर्रा भलतीकडे. पोरे म्हणायची, फुगेवाल्याने मख्खी मुद्दाम वाकवून ठेवली आहे. थोरल्याने तेव्हाच युक्ती काढली. पहिला छर्रा फुग्यावर न मारता दोन फुग्यांच्या मधल्या फळीवर मारायचा, तो कुठे लागला ते बघायचे आणि पुढचे तेवढे अंतर सोडून मारायचे. फुगेवाला आमच्याकडे संशयाने बघायचा. त्याची बंदूक खोटे बोलत होती, पण दरवेळी एकच खोटे बोलत होती. एवढ्यावर आमचे काम भागायचे.

आमची स्वतःची एअरगन फार उशिरा, आम्ही सगळे बापे झाल्यावर आली. ओळखीच्या एका गृहस्थांकडे दस्ता मोडलेली, कमान बसलेली अशी एक पडून होती. कागद व्यवस्थित होते. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 जूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही, हे मधल्याने आधी वाचून घेतले. मग ती घरी आली आणि हळूहळू घरचीच झाली. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आमचे जुने घर पडले, त्याची एक सागवानी चौकट माळवदाच्या लाकडांबरोबर रचून ठेवलेली होती. तिच्यातून दस्ता कोरला. आतल्या दट्ट्याचे चामडी वायसर मोच्याकडून कापून आणून तेलात भिजत घातले. कमान नवी बसवली, खिळे-स्क्रू थोरल्याने लेथवर काढले. नळी आणि सिलिंडर तेवढे कारखान्याचे, बाकी सगळे आमचे.

अब्बांनी तीन अटी घातल्या. छर्रा सुटेल तो विहिरीच्या मुरमाच्या ढिगातच. जीव असलेल्या कशावरही नाही. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे निशाण करायला आपल्याकडे साफ मनाई आहे, हे त्यांनी लहानपणीच आमच्या कानावर घातले होते. आणि तिसरी अट, बाजारातून नेताना पोत्यात गुंडाळून न्यायची. हिचे कारण त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. आमच्या नावाच्या माणसाच्या खांद्यावर बंदुकीसारखे काही दिसले की लोक आधी बघतात आणि मग विचारतात. 1948 बघितलेल्या बापाचा मुलगा होता तो.

2023 च्या डिसेंबरात गोष्ट दुर्बिणीवर आली. चाचांच्या हरभऱ्यात रानडुकरे शिरत होती. डुक्कर खाते त्यापेक्षा जास्त उकरते आणि तुडवते. एका रात्रीत दहा-बारा गुंठ्यांचा चिखल होतो. रोही आले तर उभे पीक शेंड्याकडून खाली खात येतात. बियाणे, खत, फवारणी, मजुरी हे सगळे मातीत गेलेले असते आणि सकाळी बांधावर उभे राहून माणूस नुसते बघतो. चाचांनी मोबाईलवर कुठल्या तरी परदेशातला व्हिडिओ पाहिला होता. दुर्बीण लावलेली रायफल, लांबवर डुक्कर, एक बार आणि डुक्कर आडवे. ते म्हणाले, "तुमारे बंदूक पे वैसी दुर्बीन लगाव. बाकी मैं देखतूं."

चाचांना तोंडावर नाही म्हणणे सोपे नव्हते. त्यांचे नुकसान खरे होते, आणि वाटा आमचाही होता. शेवटी धाकट्याने सव्वीसशे रुपयांची दुर्बीण कुरिअरने मागवली. बनावट कोणाची ते सांगत नाही. त्या किमतीच्या बऱ्याच दुर्बिणी एकमेकींच्या बहिणीच वाटतात. डबीवर 3-9×40 असे छापले होते. म्हणजे वस्तू तीन ते नऊ पट जवळ दिसणार आणि पुढची काच 40 मिलिमीटरची. काळीभोर नळी, चकचकीत अक्षरे, आत अधिकच्या चिन्हासारख्या बारीक तारा. चाचांनी ती डोळ्याला लावली आणि लांबच्या लिंबावरचा कावळा बघून म्हणाले, "अरे, पंख गिन सकते!" आम्ही म्हणालो, चाचा, दिसणे वेगळे आणि लागणे वेगळे. आठ दिवस द्या.

आधी दुर्बीण न लावताच सुरुवात केली. विहिरीजवळ बाज टाकली, बाजेवर वाळूचे पोते. धाकट्याने फितीने पंचवीस गज मोजले. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर काळे ठिपके काढून त्या मुरमाच्या ढिगावर लावल्या. कमानीच्या एअरगनला पोत्यावर घट्ट दाबून धरले की ती बिथरते. पोत्यावर आपला पंजा उपडा न ठेवता उताणा ठेवायचा आणि त्यावर बंदूक सैल ठेवायची, मग ती रोज सारखी उसळते. उघड्या मख्खीने पाच छर्रे मारले. पाचही चहाच्या बशीच्या मधल्या खळग्यात मावतील असे लागले, ठिपक्याच्या डावीकडे दोन बोटे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आमच्या बंदुकीचे खोटे किती, तर दोन बोटे डावीकडे. ती पत्रिका तारीख घालून जपून ठेवली.

मग दुर्बीण चढवली. तिच्या पकडी थोरल्याने स्वतः बसवल्या आणि पट्टीवर पेन्सिलीने खूण केली. पहिल्या संध्याकाळी आम्ही खूश झालो. पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. धाकटा म्हणाला, झाले, अजून काय तपासायचे? पण मधल्याने चौकोनाची परीक्षा काढली. दुर्बिणीवर दोन चकत्या असतात, एक वर-खाली करणारी, दुसरी डावी-उजवी. फिरवली की खट्‌ खट्‌ वाजते. शंभर गजांवर एका खटक्याला पाव इंच, असा तिचा हिशेब. पंचवीस गजांवर त्याच्या चौथाई, म्हणजे इंचाचा सोळावा भाग. बत्तीस खटक्यांना बरोबर दोन इंच. म्हणून एक छर्रा मारायचा, बत्तीस खटके वर, दुसरा छर्रा, बत्तीस उजवीकडे, तिसरा, बत्तीस खाली, चौथा, बत्तीस डावीकडे, आणि पाचवा छर्रा पहिल्याच भोकात गेला पाहिजे. घरातून निघून चार गल्ल्या फिरून पुन्हा आपल्याच दारात यावे, तसे.

आमची दुर्बीण दारात आली नाही. वरचे बत्तीस खटके फिरवले तर छर्रा होता तिथेच लागला. चकतीवर बोटाने टिचकी मारली तेव्हा पुढचा छर्रा एकदम तीन इंच वर. उजवीकडे दोनाऐवजी सव्वा. शेवटी परत आलो तेव्हा पहिल्या भोकापासून दीड इंच दूर. पुन्हा सगळे केले तर चौकोन वेगळाच. तिसऱ्यांदा तिसराच.

मग डोळ्याची परीक्षा. बंदूक पोत्यात पक्की रोवली आणि तिला हात न लावता नुसते डोके डावी-उजवीकडे हलवून पाहिले. बंदूक स्थिर, पत्रिका स्थिर, आणि आतल्या तारा ठिपक्यावरून सरकत इंचभर बाजूला जात होत्या. मधल्याने सांगितले की अशा स्वस्त दुर्बिणी बहुधा शंभर गजांसाठी जुळवलेल्या असतात. पंचवीस गजांवर चित्र आणि तारा एका पातळीत येत नाहीत, म्हणून डोळा हलला की नेम हलतो. हे सांगताना त्याला वर्गातला इब्न अल-हैसम आठवला. सुमारे 965 साली बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत राहून 'किताब अल-मनाझिर' लिहिणारा हा माणूस. डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन लागतात, असे थोर ग्रीक पंडितही मानत. त्याने प्रयोगांनी दाखवले की उजेड वस्तूकडून डोळ्याकडे येतो. थोरांनी लिहिले आहे म्हणून मानू नका, तपासा, हा त्याचा बाणा होता. आम्ही सव्वीसशेच्या डबीवर छापलेले तपासत होतो, एवढाच फरक.

चौथ्या दिवशी पेन्सिलीची खूण बोलली. दुर्बीण पट्टीवर ज्वारीच्या दाण्याएवढी मागे सरकली होती. कमानीच्या एअरगनचा धक्का दुहेरी असतो. चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो आणि बंदूक मागे येते. दट्ट्या टोकाला आपटला की तीच बंदूक झटका खाऊन पुढे जाते. साध्या रायफलची दुर्बीण मागचा धक्का सोसायला बनवलेली असते, हा पुढचा झटका तिच्या हिशेबात नसतो. मोठ्या रायफलवर टिकलेली दुर्बीण लहान एअरगनवर मोडते ती यामुळे. थोरल्याने मागे अडणीचा स्क्रू बसवून सरकणे थांबवले. पण आतले कोण थांबवणार? दोनशे छर्र्यांच्या आसपास आतल्या तारा कलंडल्या. अधिकचे चिन्ह गुणाकाराकडे झुकू लागले. पहाटे थंडीत नेली तर काचेवर आतल्या बाजूने वाफ धरली, जी कुठल्याही रुमालाने पुसता येत नव्हती. आणि डुकरे येतात ती नेमकी रात्री आणि पहाटे.

सातव्या दिवशी पंचवीस गजांवरचे पाच छर्रे तळहाताएवढ्या जागेत पसरले. दोष बंदुकीचा की दुर्बिणीचा, हे ठरवायला दुर्बीण काढली आणि उघड्या मख्खीने पुन्हा पाच मारले. बशीच्या खळग्यात, दोन बोटे डावीकडे.

आठव्या दिवशी चाचांना बाजेवर बसवले आणि सगळ्या पत्रिका तारखेप्रमाणे समोर मांडल्या. त्यांनी भोकांवरून बोट फिरवले.

"मतलब क्या इसका?"

"मतलब ये चाचा, के बंदूक का झूठ एकच है. दुर्बीन रोज नवा बोलती."

"तो महंगी लेंगे."

मग मधल्याने फळ्यावर करतात तसा हिशेब पत्रिकेच्या कोपऱ्यात करून दाखवला. आमचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. सेकंदाला दोनशे मीटर वेगाने सुटला तर त्याचा जोर दहा जूल. कायद्याची मर्यादाच वीस. डुक्कर अंगाने क्विंटलच्या घरात जाते. उत्तम दुर्बीण लावली, नेम केसभर चुकला नाही, तरी छर्रा कातड्याखाली जाऊन बसेल. डुक्कर मरणार नाही. जखम चिघळेल, ते दहा दिवस कुणाच्या तरी उसात पडून राहील आणि पाणी द्यायला गेलेल्या कुणाच्या अंगावर धावून येईल. व्हिडिओतली रायफल वेगळी, तिथला मुलूख आणि कायदा वेगळा. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत कलम 11 खाली परवानगीची वाट आहे, पण ती वनखात्याच्या लेखी हुकुमातून जाते, आपल्या बाजेवरून नाही.

चाचा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमारे दादा की बंदूक होती तो?" धाकट्याने हळूच सांगितले, ती तर आवाजासाठीच होती ना. चाचांना हसू आले, पण ते लगेच मावळले. "हौ रे, लेकिन मेरा हरभरा तो सच्ची में गया." याला आमच्या पत्रिकांत उत्तर नव्हते. दुर्बीण खोटी निघाली म्हणून डुकरे खोटी ठरत नाहीत. शेतकऱ्याने सोसायचे किती आणि जंगलाने यायचे कुठवर, हा प्रश्न निलंग्यापासून नांदेडपर्यंत प्रत्येक बांधावर आहे, आणि तो सुटेपर्यंत कोणी ना कोणी सुतळी बॉम्ब, तारेत सोडलेली वीज असले घातक उपाय करतच राहणार. त्या तारेला डुकरे चिकटतात, तशी माणसेही चिकटतात.

आम्हाला जमले ते केले. त्याच दिवशी मोबाईलने सगळ्या नुकसानीचे फोटो काढले, सातबारा काढला आणि वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीचा अर्ज भरला. पंचनामा झाला. भरपाई नुकसानीएवढी नसते, पण चाचांच्या हरभऱ्याची कागदावर नोंद तरी झाली. तिघांनी पाळ्या लावून आखाड्यावर जागल केली. पत्र्याचे डबे, बॅटरी आणि शेकोटी. रात्री दोनला डबा वाजवताना दादाजानच्या बंदुकीचा खरा उपयोग आम्हाला नीट कळला. निम्म्याहून जास्त हरभरा हाती आला.

दुर्बीण परत पाठवली नाही. थोरल्याची मुलगी नववीत आहे, तिला नेमबाजीचा नाद लागला आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली जगज्जेत्या झाल्या आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला ब्राँझ आणले, हे तिला पाठ आहे. ऑलिंपिकच्या दहा मीटर एअर रायफल प्रकारात पट वाढवणारी दुर्बीण चालतच नाही, बारीक छिद्राची शिस्त लागते, हेही तिनेच आम्हाला सांगितले. तिने थोरल्याकडून दुर्बिणीला तीन पायांची लोखंडी घोडी करून घेतली आहे. ती आता बाजेशेजारी उभी असते. मुलगी उघड्या मख्खीने मारते, मग दुर्बिणीतून छर्रा कुठे लागला ते बघते. प्रत्येक वेळी मुरमाच्या ढिगापर्यंत चालत जायचे वाचते. एवढे काम ती दुर्बीण बिनचूक करते.